पुण्यात बसून समुद्रातल्या भोवऱ्यांचा माग कसा काढावा

भोवऱ्यांमुळे किनाऱ्याजवळचं उथळ पाणी आणि बाहेरचं खोल पाणी यांची देवाणघेवाण होते का, हे पाहायला जहाज लागत नाही. कोपर्निकस या युरोपीय संघाच्या उपक्रमाच्या सागरी सेवेवर नाव नोंदवलं की उपग्रहांनी मोजलेली समुद्रपातळी आणि क्लोरोफिलची (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या हिरव्या रंगद्रव्याची) चित्रं फुकट मिळतात. समुद्राच्या खोलीचा नकाशा गेब्को या जागतिक प्रकल्पाचा. पायथन येतं असं धरतो.

आधी २०० मीटर खोलीची रेषा ठळक काढा. साधारण तिथे समुद्रबूड जमीन संपून खंडान्त उतार लागतो. मुंबईसमोर ही रेषा समुद्रात बरीच लांब, कोचीसमोर किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ. पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रवाह समान खोली धरून वाहू पाहतात, त्यामुळे उथळ आणि खोल पाणी सहजी मिसळत नाही. ही शिस्त भोवरे, म्हणजे गोल फिरणारे मोठाले प्रवाह, मोडतात.

आता भोवरे. आपल्या गोलार्धात पातळीचा उंचवटा घड्याळाच्या दिशेने फिरतो, खळगा उलट. पश्चिम किनाऱ्याच्या उतारालगत उंचवटा असेल तर त्याची उत्तर बाजू खोल पाणी किनाऱ्याकडे आणते, दक्षिण बाजू उथळ पाणी बाहेर ओढते. उत्तरेला उंचवटा आणि दक्षिणेला खळगा अशी जोडी दिसली, तर मधून बाहेर जाणारा झोत शोधा. सरावाला लक्षद्वीपजवळचा हिवाळी उंचवटा घ्या.

खरी अडचण यापुढे. मीही इथेच बराच अडलो होतो. नकाशावर प्रवाहाचे बाण २०० मीटरची रेषा ओलांडताना दिसले की ‘देवाणघेवाण झाली’ असं बरेच जण लिहून मोकळे होतात. साफ चूक. लकडी पुलावरून मुठेचा वेग पाहून पाणी खडकवासल्याचं की वाटेतल्या नाल्याचं, हे कळतं का? बाहेर गेलेलं पाणी भोवऱ्याला वळसा घालून परतही येतं. म्हणून २०० मीटरच्या रेषेवर आभासी कण सोडा आणि रोज बदलणाऱ्या प्रवाहात दोन-तीन आठवडे वाहू द्या. पार्सल्स नावाची पायथन लायब्ररी त्यासाठीच आहे. मग खोल पाण्यातले कण उलट्या काळात चालवून ते कुठून आले, तेही पाहा. या कामाला प्रवाहाचा वेग संपूर्ण पातळीवरून काढलेलाच हवा. नुसत्या विचलनाच्या, म्हणजे सरासरी पातळीपासूनच्या फरकाच्या, वेगात कायमचा सरासरी प्रवाह नसतो आणि कण भलतीकडे जातात. शेवटी कणांची वाट क्लोरोफिलच्या हिरव्या पट्ट्याशी ताडून पाहा. पट्टा जुळला नाही, तर मी तरी दावा करत नाही.

किनाऱ्यालगतचे आकडे सरळ सोडून द्या. तिथे जमीन उपग्रहाच्या रडारच्या मोजणीत ढवळाढवळ करते.

पावसाळ्यात हा खटाटोप टाळा. ढगांमुळे क्लोरोफिलची चित्रं बहुतेक कोरी येतात, शिवाय वाराही वरचं पाणी बाहेर ढकलत असतो. ते भोवऱ्याच्या खात्यावर मांडू नका.