शिवलेल्या खांद्याची सोनोग्राफी: नव्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी

रोटेटर कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या टेंडनचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा, पट्टा) शिवल्यानंतरचा खांदा सोनोग्राफीत वाचणे पहिल्या वर्षी जड जाते. मलाही ते फार जड गेले, त्यामुळे धीर सोडू नका.

प्रोब हाती घेण्याआधी ऑपरेशन नोट वाचा. कोणता टेंडन शिवला, टाके हाडात रोवणारे अँकर धातूचे आहेत की विरघळणारे, हे ठाऊक नसेल तर टाक्याची प्रत्येक चकाकती रेघ संशयास्पद वाटते. मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या ओपीडीत केस पेपर चाळायलाही उसंत नसते, हे मी जाणतो. तरीही ती नोट मागून घ्याच.

खरा सापळा काळसरपणाचा आहे. सुप्रास्पायनेटसचे (रोटेटर कफमधल्या वरच्या टेंडनचे) तंतू हाडाला चिकटताना खाली वळतात आणि त्या वळणावर ध्वनिलहरी काटकोनात पडल्या नाहीत, तर धडधाकट टेंडनही काळा दिसतो, हीच अ‍ॅनायसोट्रॉपी. प्रोबचे एक टोक किंचित दाबून कोन बदलला की हा भास नाहीसा होतो. शिवलेल्या टेंडनमध्ये मात्र अडचण दुप्पट होते, कारण पहिले काही महिने तो मुळातच काळसर आणि ओबडधोबड असतो आणि कोन बदलूनही पूर्ण उजळत नाही. म्हणून टेंडन सलग आहे का, हे उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही प्रतलांत पाहा: हाडापासून तो सुटला आहे का, मध्ये द्रव साठला आहे का, हलके दाबल्यावर वरचा डेल्टॉइड स्नायू त्या फटीत उतरतो का. एकाच चित्रावरून ‘पुन्हा फाटले’ असे कधीही लिहू नका. लोकलची कडी पुन्हा केव्हा धरता येईल, असे विचारणाऱ्या माणसावर त्या दोन शब्दांचा फार मोठा आघात होतो. सुरुवातीच्या महिन्यांत डॉपलरवर दिसणारा रक्तप्रवाहही बहुधा भरून येण्याचाच भाग असतो.

हात मागच्या खिशावर ठेवायला लावण्याची नेहमीची स्थिती स्लिंगमधल्या रुग्णावर लादू नका. शिवणीवर ताण येतो, म्हणून आधी सर्जनना विचारा.

दोन दिवसांच्या कार्यशाळांनी हात बसतो, यावर माझा विश्वास नाही. विभागातच सहकाऱ्यांचे निरोगी खांदे रोज तपासा. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी मशीनवर निर्बंध घालणाऱ्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सरावासाठी मशीन घरी नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तुमच्या हातात प्रोब देऊन शेजारी थांबणारे वरिष्ठ मिळाले, तर त्यांची ड्युटी पाहून आपली ड्युटी लावून घ्या.

पुन्हा फाटण्याच्या बहुतेक घटना पहिल्या सहा महिन्यांत घडतात, म्हणून प्रत्येक भेटीत त्याच जागेची, त्याच कोनातली चित्रे जपून ठेवा. तुलनेसाठी जुनी चित्रे मिळाली नाहीत, तर अहवालात तसे स्पष्ट नोंदवा.