वणव्याच्या हंगामात शेतघर आणि गोठा कसा राखायचा

नागपूरच्या आजूबाजूच्या जंगलांत वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं. कुसळी गवत दिवाळीनंतरच वाळायला लागतं, मग साग पानं टाकतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते, आणि त्याच दिवसांत शेतांचे धुरे जाळले जातात. दुपारी पश्चिमेचा गरम वारा सुटला की यातली कुठलीही आग हाताबाहेर जाते. हिंगणा, काटोल, पारशिवनी, रामटेक, उमरेड या भागांत ज्यांचं शेतघर, गोठा किंवा संत्र्याची बाग जंगलाला लागून आहे, त्यांनी पुढची कामं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावीत.

आधी घर पेटतं कसं ते समजून घ्या. वणव्याची ज्वाळा भिंतीपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी ठिणग्या येऊन पडतात. सागाचं जळतं पान वाऱ्यावर बरंच दूर जातं आणि कवेलूंच्या फटीत, मागच्या भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाट्यांत (कापसाच्या वाळलेल्या झाडांत) किंवा गोवऱ्यांच्या ढिगात जाऊन बसतं. म्हणून कामाला सुरुवात जंगलाच्या बाजूने करू नका, घराच्या भिंतीपासून करा.

भिंतीलगतचे पाच फूट

या पट्ट्यात जळणारं काहीही नको: तुराट्या, गोवऱ्या, बारदाना, लाकडी खाट, गुंडाळून ठेवलेल्या ड्रिपच्या नळ्या, संत्र्याचे प्लास्टिक कॅरेट. जमिनीवर दोन-तीन इंच मुरूम किंवा गिट्टी पसरा, म्हणजे तण उगवणार नाही आणि पाला झाडणं सोपं जाईल.

कवेलूंचं छप्पर असेल तर वर चढून प्रत्येक ओळीतला पाला काढा. माकडांनी सरकवलेली आणि फुटलेली कवेलू बदला, कारण त्याच फटीतून ठिणगी खालच्या बांबूच्या कमच्यांवर पडते. टिनाचं छप्पर सुरक्षित वाटतं, पण वळचणीला पन्हाळीच्या नागमोडी तोंडांमधून ठिणगी आत जाते आणि टिनाखाली साठलेला पाला, उंदरांनी नेलेला कापूस पेटतो. ती तोंडं सिमेंट-रेतीच्या गिलाव्याने बुजवा. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांना ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावा. नायलॉनची मच्छरजाळी उष्णतेने वितळते, तिचा इथे उपयोग नाही.

कूलरकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. खिडकीबाहेरच्या कूलरच्या वाळलेल्या ताट्या, मग त्या वाळ्याच्या असोत की वूडवूलच्या, ठिणगी लगेच धरतात. पंखा सुरू असेल तर ठिणगी आणि धूर दोन्ही थेट घरात ओढले जातात. आग जवळ आली की पंखा बंद करा, ताट्या ओल्या करा, किंवा त्या काढून दूर टाका आणि खिडकी लावून घ्या. अंगणातली ग्रीन नेट वळचणीला बांधलेली असेल तर तीही सोडा. ती वितळून जळते थेंब टाकते.

बोराटीचं किंवा बाभळीचं काट्यांचं कुंपण जंगलापासून घरापर्यंत अखंड असेल तर ते वातीसारखं काम करतं. घराजवळचा निदान पंधरा फुटांचा तुकडा काढून तिथे तार लावा.

त्यापुढे शंभर फुटांपर्यंत

तीस फुटांपर्यंत गवत तीन इंचांपेक्षा उंच वाढू देऊ नका. आंबा, कडुनिंब तोडायची गरज नाही. जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच्या फांद्या छाटा, म्हणजे खालच्या गवताची आग शेंड्यापर्यंत चढणार नाही. रायमुनिया (घाणेरी) मात्र ठेवू नका. ती हिरवी असतानाही जळते. नुसती कापली तर पुन्हा फुटते, म्हणून उन्हाळ्यात कापून दूर न्या आणि पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट उपटा.

कडब्याची गंजी आणि कुटाराचा ढीग घर-गोठ्यापासून शंभर फुटांवर हवा, आणि शक्यतो पश्चिमेला किंवा वायव्येला नको, कारण वारा तिकडूनच येतो. सगळा चारा एका जागी न रचता दोन ढीग करा, मध्ये पन्नास फूट अंतर ठेवा आणि प्रत्येक ढिगाभोवती दहा फूट जमीन उघडी करा. गोठ्याच्या भिंती तुराट्यांच्या कुडाच्या असतील तर दोन्ही बाजूंनी इंचभर शेण-मातीचं लिंपण द्या. तडे गेले की ते पुन्हा भरावे लागतात.

शेताच्या जंगलाकडच्या कडेला जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारा उघड्या मातीचा पट्टा, काढा. रोटाव्हेटरचे दोन-तीन फेरे मारले की दहा ते पंधरा फुटांची उघडी माती मिळते. बाजूचं गवत कमरेएवढं असेल, किंवा घर चढावर असेल, तर वीस फूट करा. आग चढावर धावते, दर दहा अंश उतारामागे तिचा वेग साधारण दुप्पट होतो. पट्टा काढून विसरून जाणं ही नेहमीची चूक. मार्चमध्ये सागाचं पान त्यावर पडतं, वाऱ्याने आणखी गोळा होतं, आणि पंधरा दिवसांत आगीला चालत यायला रस्ता तयार होतो. दर आठवड्याला पट्टा झाडा. तो पेटवून साफ करायचा मोह टाळा. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तुमच्या धुऱ्यावरून सुटलेली आग तिथे पोचायला वेळ लागत नाही.

डीपीभोवतीचं (विजेच्या रोहित्राभोवतीचं) गवत कुंपणाच्या बाहेरूनच कापा. तारा लोंबत असतील तर वीज कंपनीला लेखी कळवा.

पाणी

विहिरीवर भरवसा ठेवू नका. आगीत वीज जाते, आणि कृषिपंपाची वीज तशीही ठरावीक तासच असते. हजार लिटरची टाकी चौथऱ्यावर आणि घराच्या चार कोपऱ्यांना २०० लिटरचे भरलेले ड्रम हंगामभर ठेवा, प्रत्येक ड्रमपाशी बादली. तीन मीटर उंचीवरच्या टाकीतून पाणी बादलीत पडेल, छपरावर उडणार नाही; त्यासाठी डिझेल किंवा पेट्रोलचा पंप लागतो. उघड्यावरची काळी पाईप वितळते, ती फूटभर खोल पुरा.

ठिणग्या आणि गवताच्या लहान ज्वाळांसाठी शेतातला १६ लिटरचा फवारणी पंप फार कामाचा आहे. तो आधी चांगला धुऊन घ्या, औषधाचा अंश राहिला तर वाफ अंगावर येते. बॅटरीचा असेल तर रोज चार्ज करा.

आग दिसली तर

१०१ आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. गावाचं नाव, जवळचा नाला किंवा देऊळ, आणि वारा कोणत्या दिशेने आहे ते सांगा. गाडी आत यायला फाटक निदान बारा फूट रुंद हवं, आणि ते उघडं ठेवा.

मग जनावरं सोडा. ओढ लागली की दाव्याची गाठ घट्ट होते आणि धुरात बोटांनी सुटत नाही, म्हणून गोठ्याच्या दाराशी, हात पोचेल असा, एक विळा खिळ्याला अडकवलेला असावा. जनावरं नांगरलेल्या, उघड्या वावरात हाका. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढा. डिझेलचे कॅन भिंतीपासून दूर, उघड्या मातीवर न्या.

गुडघ्याच्या खालची ज्वाळा हिरव्या फांद्यांनी विझवता येते. उंच उचलून झोडपलं तर ठिणग्या पुढे उडतात. फांदी ज्वाळेवर दाबून जळालेल्या बाजूला ओढायची. आगीच्या तोंडासमोर उभं राहू नका, कडेने शिरा. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायात जोडे हवेत, नायलॉन नको. ज्वाळा माणसाएवढी झाली, किंवा तुम्ही चढावर आहात आणि आग खाली आहे, तर वस्तू सोडून निघा.

आग पुढे गेल्यावरही कोणीतरी रात्रभर जागं राहायला हवं. गोवऱ्या, उकिरडा, लाकडी खांबांचे बुंधे आतल्या आत धुमसतात आणि पहाटे वारा आला की पेट घेतात. हाताची उलटी बाजू जवळ नेऊन ऊब तपासा. ऊब लागली तर कुदळीने उकरा, पाणी आणि माती कालवा, आणि तासाभराने पुन्हा तीच जागा तपासा.