ऑफिसची व्हिडिओ मीटिंग लावायची कशी आणि सेफ ठेवायची कशी

जळगावची डाळ मिल असो नाहीतर सावदा-रावेरचा केळीचा धंदा, पार्टीसोबत भावाचं बोलणं आता मीटिंगवर होतं, म्हणून भाऊ हे एकदा नीट बसवून घ्याच. राउटरपासून लॅन केबल ओढा, वायफायच्या भरवशावर राहू नका, आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. खिडकी पाठीमागे नको, समोरच्याला नुसती काळी सावली दिसते.

आता खरं काम. झूमचा पर्सनल मीटिंग आयडी पार्टीला देऊच नका, तो दरवेळी तोच असतो, एकदा व्हॉट्सॲपवर फिरला की कोणीही घुसायला बघतो. दरवेळी नवीन आयडी, पासकोड, वेटिंग रूम (आपण आत घेईपर्यंत माणूस बाहेरच थांबतो) चालू, स्क्रीन शेअर फक्त होस्टला म्हणजे मीटिंग लावणाऱ्याला, सगळे आले की मीटिंग लॉक. वेटिंग रूममध्ये नुसतं "आयफोन" असं नाव दिसलं तर आधी फोन करून विचारा, मगच आत घ्या, एवढा कंटाळा करू नका. पैशाचं बोलणं असेल तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मीटिंगमधल्या लोकांशिवाय कोणालाच, झूमलाही, बोलणं ऐकता येत नाही) चालू करा, 2020 पासून फुकट अकाउंटलाही मिळतं, फक्त मग क्लाउड रेकॉर्डिंग, म्हणजे झूमच्या सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग, होत नाही.

मीटिंग रूममध्ये व्हिडिओ कॉलचं वेगळं डिव्हाइस बसवलं असेल तर त्याचा डिफॉल्ट (कंपनीतून आलेला) पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि ऑटो आन्सर बंद करा, ते चालू राहिलं तर बाहेरचा कॉल आपोआप उचलला जातो आणि रूममधलं सगळं बोलणं पलीकडे जातं, हे बरेच जण बघतच नाहीत. नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद.