मळ्यावरची हवेली बघायची तर मागच्या दारापासून

साताऱ्याहून मुलांकडे अमेरिकेला जाणारे लुइझियानात गेले की ओक ॲली ही मळ्यावरची जुनी हवेली बघून येतात. दुतर्फा ओकची जुनी झाडं, मधोमध पांढऱ्या खांबांचं घर, फोटो सगळ्यांचा तोच. माझा धंदा जुन्या वाड्यांच्या डागडुजीचा, म्हणून निघताना मला विचारतात, काय बघायचं तिथं?

पहिलं काम, खांबांकडे पाठ करा आणि घराच्या मागे जा. आगीची भीती आणि उकाडा, यामुळे या मळ्यांवर स्वयंपाकघर बहुधा वेगळं असायचं. त्याच्याही पलीकडे गुलामांच्या खोपट्या. ओक ॲलीतल्या नंतर पुन्हा उभारलेल्या आहेत, तरी आत जाऊन उभे राहा. मग घराकडे वळा.

हे घर 1837 ते 1839 या काळात ऊसमळ्याच्या मालकासाठी गुलामांनी बांधलं. चारी बाजूंनी मिळून 28 खांब. लांबून दगडी वाटतात, पण आत वीट आणि वरून गिलावा. त्यांच्या आधारानं घराभोवती रुंद ओसरी फिरते, म्हणून भिंतीवर थेट ऊन येत नाही. पुढच्या दारात उभं राहिलं की मागचं दार समोर दिसतं. वारा आरपार जातो. आपल्या वाड्यात हे काम चौक करतो. म्हणजे नुसता दिमाख नाही, हवामानाची पक्की जाण आहे.

विटा मात्र डोळे जवळ नेऊन बघा. साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहराच्या जुन्या इमारतींत काही विटांवर बोटांचे ठसे आहेत, त्यातले काही इवल्या बोटांचे. ओली वीट उचलताना गुलामांच्या पोरांची बोटं रुतली, ती तशीच भाजली गेली.

गाइड झुंबरं आणि काचसामानावरच बोलत राहिला, तर सरळ विचारा: विटा कुणी पाडल्या? सुतारकाम कुणाचं? त्यांची नावं ठाऊक आहेत का? ओक ॲलीतलं एक नाव तुम्हीच काढा, आंत्वान. या गुलाम माळ्यानं 1840 च्या दशकात पिकान या अक्रोडासारख्या फळाच्या झाडाची यशस्वी कलमं बांधली आणि पातळ कवचाचं वाण दिलं. मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत त्याची किंमत हजार डॉलर लिहिलेली आहे.

एकच जागा बघायला वेळ असेल, तर ओक ॲली सोडा आणि लुइझियानातल्याच व्हिटनी मळ्यावर जा. 2014 पासून तिथलं संग्रहालय गुलामांच्या बाजूनंच सगळं सांगतं. भिंतींवर त्यांची नावं कोरली आहेत.

मे 2025 मध्ये नॉटोवे ही लुइझियानातलीच 1859 ची अवाढव्य हवेली जळाली. काहींना हळहळ वाटली, काहींना बरं वाटलं. बरं वाटणाऱ्यांचा राग मला समजतो. तरी ती जळायला नको होती, कारण मालकाचा थाट जळाला तसं ती बांधणाऱ्या गुलाम कारागिरांचं हातकामही जळालं.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. फुल्यांचं मूळ गाव कटगुण. अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना त्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली.

परत आलात की मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडाही असाच बघा. आपला वेठबिगार आणि तिथला विकत घेतलेला माणूस एका मापात घालू नका. पण चुन्याची घाणी कुणी ओढली, सागाच्या तुळया कुणी खांद्यावरून आणल्या, हे तिथंही विचारा.