फाईल एक्सप्लोरर वारंवार हँग होत असेल तर

विंडोजमधील फाईल एक्सप्लोरर हे केवळ फोल्डर दाखवण्याचे साधन नाही. टास्कबार आणि डेस्कटॉपवरील आयकॉनही ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ याच प्रोग्रॅममधून चालतात. त्यामुळे एखादे फोल्डर उघडताना तो कोलमडला, की टास्कबारही नाहीशी होते आणि सगळा संगणकच बिघडल्यासारखे वाटते. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु दोष अनेकदा एक्सप्लोररचा नसून त्याच्या आत शिरलेल्या दुसऱ्याच सॉफ्टवेअरचा असतो.

प्रथम कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीतील ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडावे आणि ‘रीस्टार्ट’ दाबावे. इतर प्रोग्रॅममधील सेव्ह न केलेले काम यामुळे जात नाही. मात्र फाईल कॉपी होत असेल, तर ती अर्धवट राहते. टास्कबार परत आली नाही, तर तिथेच ‘रन न्यू टास्क’ निवडून एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हे नाव टाईप करावे.

त्यानंतर एक्सप्लोरर नेमका केव्हा अडतो, हे पाहावे. उघडताक्षणीच अडत असेल, तर अलीकडे वापरलेल्या फाईलींच्या यादीवर किंवा आता उपलब्ध नसलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर संशय घ्यावा. ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये जाऊन एक्सप्लोरर ‘धिस पीसी’वर उघडेल असे ठरवावे, तिथलेच ‘क्लिअर’ बटण दाबावे आणि निरुपयोगी नेटवर्क ड्राइव्ह काढून टाकावेत. फोटो-व्हिडिओंच्या फोल्डरमध्येच अडचण येत असेल, तर ऑल्ट आणि पी दाबून प्रीव्ह्यू पेन बंद करावे व ‘फोल्डर ऑप्शन्स’च्या ‘व्ह्यू’ टॅबमधील ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ (थंबनेल्स म्हणजे फाईलींची छोटी चित्रे) या पर्यायावर खूण करावी. तेवढ्याने सुधारणा झाली, तर ‘डिस्क क्लीनअप’मधून जुनी थंबनेल्स पुसून खूण काढून पाहावी, विंडोज ती पुन्हा तयार करते.

राइट क्लिक केल्यावर एक्सप्लोरर कोलमडत असेल, तर कारण बहुधा शेल एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे एक्सप्लोररला जोडल्या जाणाऱ्या पूरक कोडमध्ये, सापडते. झिप फाईली उघडणारी, क्लाउडवर साठवणारी किंवा व्हायरस तपासणारी सॉफ्टवेअर त्या मेनूत आपापल्या ओळी घालतात, आणि त्यासाठीचा कोड एक्सप्लोररच्याच प्रक्रियेत चालत असल्याने एकाची चूक सगळ्यांना भोवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘ॲप्लिकेशन’ उघडून 1000 क्रमांकाची त्रुटी शोधावी व तिच्यातील ‘फॉल्टिंग मॉड्यूल’चे, म्हणजे चूक जिथे घडली त्या फाईलचे, नाव पाहावे. ते एखाद्या बाहेरच्या सॉफ्टवेअरचे निघाले, तर ते अपडेट करावे किंवा काढून टाकावे. नाव विंडोजच्याच फाईलचे असले, तरी ती फाईल दोषी आहे असे सिद्ध होत नाही; इंटरनेटवरून तशी फाईल उतरवून जुनीच्या जागी टाकण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

नावावरून उलगडा झाला नाही, तर निरसॉफ्टचे ‘शेलएक्सव्ह्यू’ हे मोफत साधन वापरावे. त्यात मायक्रोसॉफ्टची एक्स्टेन्शन लपवून उरलेल्यांपैकी निम्मी बंद करावीत, एक्सप्लोरर रीस्टार्ट करावा, आणि दोष ज्या निम्म्यात असेल ते पुन्हा निम्मे करावे. दोषी एकच असेल, तर 32 एक्स्टेन्शनमधूनही ते पाच फेऱ्यांत सापडते. काम कंटाळवाणे आहे, पण आंधळेपणाने रजिस्ट्री ‘साफ’ करणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा केव्हाही बरे.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजच्या बिघडलेल्या फाईली दुरुस्त करणाऱ्या दोन साधनांपैकी आधी डीआयएसएमची ‘रिस्टोअरहेल्थ’ आणि मग एसएफसीची ‘स्कॅननाऊ’ ही आज्ञा चालवावी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाईली घेते, तोच डीआयएसएम दुरुस्त करते.

एकाच ड्राइव्हवर गेल्यावर एक्सप्लोरर थिजत असेल आणि हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर मात्र वरील कशाच्याही मागे न लागता आधी महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे कॉपी कराव्यात. ‘एरर चेकिंग’ त्यानंतर.