पेन्टेकॉस्ट मुलांना घरी शिकवताना या चुका टाळा

धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती. पेन्टेकॉस्टची, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाल्यावर पन्नासाव्या दिवशी शिष्यांना पवित्र आत्मा मिळाला त्या सणाची, गोष्ट मी तिला चांगली रंगवून सांगितली. एकत्र बसलेले शिष्य, सोसाट्याचा आवाज, डोक्यांवर ज्वाळा आणि शेवटी आवाज खाली आणून, ‘मग पवित्र आत्मा उतरला!’ पोरगी एकदम गप्प. मला वाटलं, भारावली. रात्री दिवा बंद करायला गेले तर पदर सोडेना. ‘मम्मी, तो आत्मा आपल्या खोलीत पण येणार?’ तिच्या डोक्यात आत्मा म्हणजे टीव्हीवर पाहिलेली, केस मोकळे सोडलेली, पांढऱ्या साडीतली बाई.

चूक माझी होती. मराठी मुलाच्या कानावर ‘आत्मा’ हा शब्द आधी भुतांच्या गोष्टींतून पडतो, चर्चमधून नंतर. आपण मात्र तो माहीतच आहे असं धरून पुढे जातो. दुसरा शब्द ‘उतरला’. गावच्या जत्रेत अंगात येताना पाहिलेलं मूल या दोन्हींची सांगड घालणारच. म्हणून मी आता ‘उतरला’ म्हणतच नाही. ‘ते सर्व पवित्र आत्म्याने परिपूर्ण झाले’ हे पवित्र शास्त्रातलं वाक्यच सांगते. मोठ्या मुलांना आणखी एक गोष्ट दाखवून देते. आत्म्याने भरलेला येशूचा शिष्य पेत्र भान हरपून पडत नाही, उलट उभा राहून मुद्देसूद भाषण करतो. लोक ‘हे प्यायलेत’ म्हणून हसतात, तर तो सांगतो, अहो, अजून सकाळचे नऊच वाजलेत!

मग आत्मा समजवायचा कसा? हाताचा तळवा तोंडासमोर धरायला सांगा आणि हळूच फुंकर मारायला सांगा. दिसत नाही, पण जाणवतं. हिब्रूतला ‘रुआख’ आणि ग्रीकमधला ‘न्यूमा’ या दोन्ही शब्दांचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असा तिहेरी आहे. त्यापेक्षाही उपयोगी पडला तो आपल्या मराठी शास्त्रातला शब्द, कैवारी. योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की पिता तुम्हाला दुसरा कैवारी देईल. कैवार घेणं म्हणजे काय, हे मुलांना शिकवावं लागत नाही. मी ओरडायला लागले की आजी मध्ये पडते, तोच कैवार. त्या रात्री हे सांगितल्यावर दिवा बंद झाला.

ज्वाळांचे मुकुट आणि केक

लाल-नारिंगी कागदाच्या ज्वाळा कापून पट्टीवर चिकटवायच्या आणि डोक्याला बांधायच्या. हे सगळीकडे करतात, करावंही. फक्त अर्धा तास कात्री-डिंकात जातो आणि गोष्ट दोन मिनिटांत आटपते, तसं होऊ देऊ नका. ज्वाळा कापताना मजकूर वाचा. तिथे वारा सुटला असं लिहिलेलंच नाही. वाऱ्याच्या सोसाट्यासारखा नाद आला, असं आहे. अग्नीच्या जिभाही ‘जणू’ अग्नीच्या. पाहणाऱ्यांना नेमकं सांगता येईना, म्हणून ‘सारखा’ आणि ‘जणू’ हे शब्द आले. हे कळलं की ‘केस जळले नाहीत का?’ हा हमखास येणारा प्रश्न सोपा होतो. नादाचं म्हणाल तर आपल्याकडे सोय आयतीच आहे. पेन्टेकॉस्ट ईस्टरप्रमाणे सरकतो, पण १० मे ते १३ जून या दिवसांतच येतो, म्हणजे वळवाच्या सुमाराला. पत्र्यावर घोंघावणारा वारा एकदा डोळे मिटून ऐकवा. त्यापुढे कुठल्याही व्हिडिओची गरज नाही.

‘मंडळीचा (म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या समुदायाचा) वाढदिवस’ म्हणून केक आणायची पद्धतही आता रुळली आहे. आम्हीही आणला होता. मेणबत्त्या लावल्या, मुलांनी फूऽऽ केलं, टाळ्या झाल्या. मग थोरला म्हणाला, ‘पण आग तर राहायला पाहिजे होती ना?’ बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून केक असतो, मेणबत्ती नसते.

अजून एक बारीकशी चूक. चित्रात रंगवायला कबूतर देतात. कबूतर यार्देन नदीवरचं, येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळचं. पेन्टेकॉस्टची गोष्ट आहे ती पवित्र शास्त्रातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तिथे कबूतर नाही.

पन्नास मोजताना एक दिवस चुकतो

‘पेन्टेकॉस्ट म्हणजे पन्नासावा’ असं सांगितल्यावर हुशार मूल कॅलेंडर घेऊन बसतं आणि त्याचे एकोणपन्नासच भरतात. ईस्टरचा रविवार स्वतः पहिला दिवस धरायचा. २०२६ मध्ये ५ एप्रिलला ईस्टर, म्हणून २४ मे हा पन्नासावा. चाळिसाव्या दिवशी येशूचं स्वर्गारोहण, म्हणजे त्याचं स्वर्गात जाणं. मधले दिवस शिष्य नुसते थांबले आणि प्रार्थना करत राहिले. सुमारे १२० जण होते, त्यांत येशूची आई मरीयाही होती. मुलांना वाट पाहणं कसं नकोसं होतं ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा गोष्टीचा हा भाग गाळू नका.

आणि सण त्या दिवशी जन्माला आला असंही सांगू नका. तो यहुद्यांचा सप्तकांचा सण होता, गव्हाच्या हंगामाचा. त्यात खमीर घातलेल्या दोन भाकरी देवाला अर्पण करत. म्हणूनच तर देशोदेशीचे लोक यरुशलेमेत जमले होते. पेत्र यहुदी, ऐकणारे बहुतेक यहुदी. ‘ते यहुदी वाईट आणि आपण चांगले’ असला सूर लागला तर गोष्टच मोडते.

खरा चमत्कार राहूनच जातो

वारा आणि आगीच्या नादात बहुतेक घरांत हे राहतं. जमलेले लोक आगीने चकित झाले नव्हते, शिष्यांच्या तोंडून ‘आपापली जन्मभाषा कशी ऐकू येते?’ म्हणून चकित झाले होते. पार्थी, मेदी, एलामी, मिसरचे, रोमचे, क्रेतचे, अरब. ही यादी वाचताना जीभ अडखळते, म्हणून आपण ती उडवतो. उडवू नका. नकाशा जमिनीवर पसरा आणि प्रत्येक नावावर एक शेंगदाणा ठेवा. इराणपासून रोमपर्यंत शेंगदाणे पसरले की मुलांना न सांगता कळतं. (शेंगदाणे शेवटी खायचे असतात, त्यामुळे लक्षही टिकतं.)

मग घरातल्या भाषा काढा. ‘येशू जिवंत आहे’ हे वाक्य प्रत्येकाने आपल्या बोलीत म्हणायचं. आमच्याकडे आजी ‘जित्ता हाय’ म्हणते, वसईची जाऊ तिकडच्या सामवेदी बोलीत म्हणते, गोव्याची मैत्रीण फोनवर कोंकणीत. इंग्रजी शाळेतली मुलं प्रार्थना इंग्रजीतच करतात आणि आजीच्या बोलीला हसतात, निदान आमची हसायची. त्या दिवशी मी विचारलं, देवाने सगळ्यांना एकच भाषा शिकवून टाकली असती तर सोपं नसतं का? त्याने तसं केलं नाही. हा धागा आपल्या मातीपर्यंतही येतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज गोव्यात आला आणि त्याने येशूचं चरित्र मराठी ओव्यांत लिहिलं. १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं ते ख्रिस्तपुराण. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चार ओव्या वाचून दाखवा.

‘अन्य भाषांचं दान (आत्म्याने न शिकलेल्या भाषेत बोलणं) आजही आहे का?’ यावर मंडळ्या-मंडळ्यांत मतभेद आहेत. घरात काका एका मंडळीचे, मावशी दुसरीची. तो वाद मुलांच्या देखत जेवणाच्या ताटावर मिटवायला बसू नका, मिटत नाही. एवढं मात्र स्पष्ट सांगा की पेन्टेकॉस्ट हा फक्त पेन्टेकॉस्टल नावाच्या पंथाचा सण नव्हे. नावामुळे पुष्कळ मुलांचा तसा समज होतो.

तीन हजारांवर थांबू नका

एका दिवसात सुमारे ३००० लोकांचा बाप्तिस्मा झाला आणि गोष्ट संपली, असं आपण करतो. एवढ्यांना पाणी कुठून आणलं, असं मूल विचारेल. दुष्काळी भागातलं मूल तर नक्कीच. यरुशलेमेत बेथेस्दा आणि शिलोह ही मोठी तळी होती. मंदिराच्या दक्षिणेला शुद्धीकरणासाठी स्नान करायची कुंडंही उत्खननात सापडली आहेत.

पुढे मंडळी म्हणजे काय ते येतं. मुलाला ‘चर्च काढ’ म्हटलं की मनोरा आणि घंटा काढतं. पहिल्या मंडळीकडे इमारत नव्हती, ते घरोघरी भाकर मोडत. सीरियात दुरा-युरोपस इथे सापडलेलं सर्वांत जुन्या ज्ञात ख्रिस्ती प्रार्थनागृहांपैकी एक तिसऱ्या शतकातलं आहे आणि तेही मुळात एक राहतं घरच. ‘घरची मंडळी’ म्हणतो तोच हा शब्द, असं सांगितलं की काम होतं.

पहिली मंडळी म्हणजे सगळं गोडीगुलाबी, असंही चित्र रंगवू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्याच सहाव्या अध्यायात अन्नाच्या वाटपावरून तक्रार आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. सात जण निवडले गेले आणि सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याचकडे वाटप गेलं असणार. आमच्याकडे शेवटची पोळी किंवा आंब्याची कोय यावरून रोजच तंटा. आता तक्रार करणाऱ्यानेच वाढायचं, असा नियम आहे. खोटं बोलून जागीच मेलेले हनन्या-सप्पीरा आणि दगडमाराने मारला गेलेला स्तेफन मात्र नऊ-दहा वर्षांपर्यंत मागे ठेवा. मी एकदा घाई केली, त्याबद्दल न बोललेलं बरं.

लहानांसाठी बाराव्या अध्यायातली रुदा घ्या. पेत्र तुरुंगातून सुटून मरीयेच्या (ही योहान मार्काची आई, येशूची नव्हे) दाराशी येतो. तिथली दासी रुदा त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले तिला वेडी ठरवतात. गेल्या सुट्टीत आम्ही हा प्रसंग अंगणात केला. आजोबा पेत्र झाले, धाकटी रुदा. तिने आवाज ऐकला, ‘पेत्र आलाय!’ म्हणून ओरडत आत धावली, आणि तिथे माठाजवळ कापलेलं कलिंगड दिसलं. आम्ही सगळे कलिंगड खात बसलो. दहा मिनिटांनी दारावर काठी वाजली. आजोबा अजून बाहेर उन्हात उभे होते आणि कडी लावलेलीच होती.