चेक इंजिनचा दिवा लागल्यावर जुन्या गाडीचे कोड कसे वाचावेत

मीटरमध्ये इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की पुष्कळ जण थेट गॅरेज गाठतात आणि स्कॅनरवरच्या कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव दिसेल, तो बदलून घेऊन परत येतात. आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. अमुक सर्किटमधून येणारा संकेत अपेक्षित मर्यादेत नाही, एवढेच कोड सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा की सॉकेटचा, हे तपासल्याशिवाय पैसे खर्च करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

भारतात बीएस-४ प्रदूषण मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष स्वतः ओळखून नोंदवणारी प्रणाली एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत बहुधा स्टिअरिंगखाली, ब्रेक पेडलच्या वरच्या भागात, कोड वाचण्यासाठीचे १६ पिनांचे सॉकेट सापडते. त्याआधीच्या काही वर्षांतल्या अनेक गाड्यांतही ते असते. कार्बोरेटरच्या गाडीत मात्र असे कोड मिळणार नाहीत.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचे ॲप यांवर घरगुती काम भागते. मात्र आपली गाडी स्कॅनरला माहिती पाठवण्याच्या जुन्या के-लाइन पद्धतीची असेल, तर स्कॅनर ती पद्धत ओळखतो का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. इंजिन बंद असताना स्कॅनर सॉकेटमध्ये बसवावा, चावी ऑन करावी आणि ॲप जोडावे. स्कॅनरचा दिवाच लागला नाही, तर आधी फ्यूज पाहावेत, कारण अनेक गाड्यांत या सॉकेटचा वीजपुरवठा सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून घेतलेला असतो. दिसलेले सर्व कोड आणि त्यांसोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, इंजिनचे फेरे आणि तापमान, हे वहीत लिहून घ्यावे. ही नोंद होईपर्यंत कोड पुसण्याचे बटण दाबू नये, कारण पुसताना फ्रीझ फ्रेमही जाते आणि तपासाचा सर्वांत मोलाचा धागा हातचा निसटतो.

कोडमधील पहिले अक्षर ‘पी’ असेल तर तक्रार इंजिन किंवा गिअरबॉक्सची असते. पुढचा अंक शून्य असल्यास तो कोड बहुतेक सर्व कंपन्यांत समान असतो, एक असल्यास कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ त्याच गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावा.

पी०११३ हा कोड घेऊ. इंजिनमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सर्किटचे व्होल्टेज फार जास्त आहे, असे तो सांगतो; व्होल्टेज जितके जास्त, तितके तापमान कमी दिसते. आमच्या गाडीत तो पावसाळ्यात आला, तेव्हा ॲपवर हवेचे तापमान उणे ४० अंश दिसत होते. आपल्याकडे एवढी थंडी कधीच पडत नाही. हा आकडा सर्किट तुटल्याची खूण असतो. बॉनेट उघडून टॉर्च फिरवली, तेव्हा एअर फिल्टरच्या डब्यामागे उंदराने कुरतडलेली वायर आणि तिचे उघडे पडलेले तांब्याचे तंतू दिसले. सेन्सर शाबूत होता. वायर दिसायला धड असेल, तर केवळ दोन वायरींच्या सेन्सरवर करण्याची एक परीक्षा आहे: प्लग काढून वायरिंगच्या बाजूच्या दोन टोकांना तारेच्या तुकड्याने जोडावे. तापमान एकदम कमाल आकड्यावर गेले तर वायरिंग ठीक आहे आणि सेन्सर बाद आहे. उणे ४० तसेच राहिले तर दोष वायरिंगमध्येच शोधावा.

पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथले इंधन नीट न पेटणे. प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल असेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच खराब आहे, हे एक पैसाही न खर्चता कळते. दिवा सतत उघडझाप करत असेल, तर मात्र गाडी दामटू नये, कारण न जळलेले पेट्रोल धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावा आणि दोन-तीन दिवस, थंड इंजिनाच्या सुरुवातीसह, नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवून पुन्हा वाचन घ्यावे. या वेळी ‘पेंडिंग’ यादीही उघडावी, कारण काही दोष पुन्हा आढळेपर्यंत दिवा लावत नाहीत आणि तोवर तिथेच नोंदलेले राहतात.